रोबोटिक हाताने घडवलेल्या मातीच्या जाळीला तडे का जातात?

प्रश्न

नमस्कार. मी नागपुरात वास्तुरचनाकार म्हणून काम करते. एका घराच्या पश्चिमेकडील ओसरीसाठी भाजक्या मातीची जाळी घडवण्याचा माझा प्रयत्न चालू आहे. माठातले पाणी ज्या कारणाने गार होते, त्याच कारणाने पाणी झिरपणाऱ्या जाळीतून येणारी मे महिन्यातली कोरडी हवा गार व्हावी, अशी कल्पना आहे. नोएडातील एका कारखान्यात अँट स्टुडिओ या वास्तुरचना संस्थेने मातीच्या शंकूंची अशी रचना उभारल्याचे वाचल्यापासून ती मनात होती. उन्हाच्या कोनानुसार प्रत्येक तुकड्याची भोके बदलतात, म्हणून आराखडा ग्रासहॉपर या संगणकीय रचनेच्या प्रणालीत केला असून रोबोटिक हाताला बसवलेल्या नळीतून ओली माती थरावर थर सोडली जाते.

माती ओळखीच्या एका कुंभारकाकांकडून आणते. तिच्यात लीद आणि राख असल्याने 3 मिमीची नळी वारंवार तुंबत असे, म्हणून ती कालवून बारीक चाळणीतून गाळून घेतली. आता थर सुरेख पडतात. परंतु वाळताना तळाच्या कोपऱ्यांना तडे जातात आणि भाजलेले तुकडे मापापेक्षा लहान येऊन एकमेकांत बसत नाहीत. चूक मातीत आहे, यंत्रात की माझ्या आराखड्यात?

उत्तर 1

तळ फळीला चिकटलेला असल्यामुळे त्याला आकसता येत नाही आणि वरचे थर मात्र आकसत राहतात. त्या ओढाताणीत कोपरा फाटतो. फळीवर वर्तमानपत्र आणि त्यावर बारीक वाळू पसरून मगच छपाई करा, म्हणजे नळीतून मातीचे थर सोडा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात तुकडा उघड्यावर ठेवला, तर वाऱ्याकडची बाजू काही तासांतच वाळते, म्हणून पहिले दोन-तीन दिवस तो प्लास्टिकखाली झाकून ठेवणे आवश्यक आहे.

मापासाठी त्याच नळीने एक पट्टी छापून ओलेपणीच तिच्यावर 100 मिमी अंतराने दोन खुणा करा आणि भाजल्यावर मोजा. अंतर 92 मिमी भरले, तर आराखडा 8 टक्क्यांनी नव्हे, तर 100 भागिले 92 या हिशेबाने, म्हणजे सुमारे 8.7 टक्क्यांनी वाढवावा लागेल. उभ्या दिशेचे आकसणे वेगळे असू शकते, तेही मोजावे.

उत्तर 2

मी कुंभाराच्या घरातला आहे. वरील उपाय योग्य आहेत, पण मला खटकले ते गाळणे. लीद आणि राख मातीत निष्कारण घातलेली नसते. नुसती चिकण माती फार आकसते. हे मिश्रण तिला मोकळी ठेवते, ओल बाहेर पडायला वाट देते, आणि लीद जळून गेल्यावर उरणाऱ्या छिद्रांमुळेच माठ पाझरतो. तुम्ही गाळून टाकले ते नेमके तुमच्या जाळीला हवे असलेले होते. त्याऐवजी भाजलेल्या खापऱ्यांची पूड आणि लाकडाचा भुसा नळीच्या मापाला चालेल इतका बारीक चाळून मिसळा. भट्टीतही हात आखडता घ्या, कारण माती जास्त भाजली की छिद्रे मिटत जातात.

आणखी एक सांगावेसे वाटते. ब्रिटनमधील जोनाथन कीप हे स्वतः कुंभार. त्यांनी माती छापणारे यंत्र बनवून त्याचे आराखडे सर्वांसाठी खुले केले. आपल्याकडे मात्र आराखडा पूर्ण झाल्यावर कुंभाराला फक्त माती मागितली जाते. काकांना आधी विचारले असते, तर पहिल्याच दिवशी त्यांनी गाळू नका म्हटले असते. भद्रावतीच्या ग्रामोदय संघातही कुंभारकामाचे मोठे काम झाले आहे. तिथे अवश्य जाऊन या.

प्रश्नकर्तीचे उत्तर

दोघांचेही मनापासून आभार. काकांना काल कार्यशाळेत बोलावले. छापलेला थर बोटाने दाबून पाहत त्यांनी भुशाचे तीन वेगवेगळे प्रमाण सुचवले आणि भोकांचे टोकदार कोपरे गोल करायला सांगितले, कारण तडा कोपऱ्यातूनच सुरू होतो. तीनही मिश्रणांच्या पट्ट्या आज सावलीत वाळत आहेत. भाजून झाल्यावर त्या कोरड्या आणि पाण्यात भिजवून तोलणार आहे, म्हणजे कोणती किती पाणी शोषते ते कळेल, आणि आकडे इथेच लिहीन.