वॉर्सा ‘नकली’ आणि क्राकोव ‘अस्सल’?

जुनी वीट:
पोलंडची राजधानी असलेल्या वॉर्साचे जुने शहर हे दुसऱ्या महायुद्धानंतर उभारलेले नेपथ्य आहे, तेव्हा ते वगळून सारा वेळ अस्सल क्राकोवला द्यावा, असे येथील एका सदस्याने काल लिहिले आणि ते वाचून गप्प बसवेना. नाझी ताब्याविरुद्धच्या 1944 च्या उठावानंतर नाझींनी जे शहर ठरवून जमीनदोस्त केले, ते चित्रकार बेलोत्तोची अठराव्या शतकातील चित्रे आणि युद्धकाळात लपवून वाचवलेली रेखाचित्रे समोर ठेवून पुन्हा बांधले गेले, आणि युनेस्कोने 1980 साली वारसा म्हणून मान दिला तो याच पुनर्बांधणीला. क्राकोवच्या सुकिएनित्से बाजारात ज्या कमानींखाली सगळे हौसेने फोटो काढतात, त्याही 1870 च्या दशकातल्याच आहेत.

मीठभाकर:
ते विधान माझे आहे आणि मी ते मागे घेणार नाही. वॉर्सात 1939 सालचे शहर उभारलेच गेले नाही. एकोणिसाव्या शतकातील बरीच भर गाळली गेली आणि जुन्या दर्शनी भिंतींमागे आधुनिक सदनिका आल्या. याउलट क्राकोवच्या मारियात्स्की चर्चमधील शिल्पकार फाइट श्टोसची वेदी 1477 ते 1489 या काळात कोरलेली असून, नाझींनी पळवून नेल्यावर जी परत आली ती तीच आहे. कमानींचे मान्य, आपला अभ्यास दांडगा आहे.

दमलेला प्रवासी:
आपण भिंतींचे वय काढत बसला आहात, पण सहल कंपन्या काय करतात ते पाहा. आमच्या सहलीत सकाळी विएलिच्काची मिठाची खाण आणि त्याच दुपारी ऑश्विट्झची नाझी छावणी होती. खाणीत उतरतानाच सुमारे 380 पायऱ्या लागतात. तेथेच सासूबाईंच्या गुडघ्यांनी हात टेकले आणि त्या छावणीच्या बिर्केनाऊ भागात त्या फक्त बस कोठे आहे एवढेच विचारत राहिल्या. जेथे सुमारे 11 लाख माणसे मारली गेली, ती जागा खाणीला जोडून विकणे मला असभ्य वाटते.

मीठभाकर:
नोकरदाराला रजा किती मिळते, याचाही विचार करावा. घाईने पाहणे हे न पाहण्यापेक्षा बरे.

दमलेला प्रवासी:
मुळीच नाही. तेथे घाईने गेलेला माणूस फाटकाखाली फोटो काढून परततो, आणि तसे फोटो आमच्याच गटातल्यांनी काढले. जायला वेळ नसेल, तर जाऊ नये.

नदीपलीकडे:
ऑश्विट्झ तरी दाखवतात. आमच्या मार्गदर्शकाने क्राकोवच्या जुन्या ज्यू वस्तीत, काझिमिएझमध्ये, ‘शिंडलर्स लिस्ट’ चित्रपटाचे चित्रीकरण झालेला जिना कौतुकाने दाखवला, परंतु नाझींनी ज्यूंना कोंडलेला प्रत्यक्ष घेट्टो व्हिस्तुला नदीच्या पलीकडे पॉडगुझे भागात होता, हे सांगण्याची तसदी घेतली नाही. तेथील चौकात त्या ज्यूंच्या स्मरणार्थ ठेवलेल्या रिकाम्या धातूच्या खुर्च्या पाहायला आम्ही दोघेच पूल ओलांडून गेलो. अस्सल क्राकोवचा आग्रह धरणाऱ्यांच्या यादीत पॉडगुझे का नसते?

मीठभाकर:
यादीत घालतो. ऑश्विट्झला स्वतंत्र दिवस द्यावा हेही मान्य करतो; मात्र तो दिवस मी वॉर्सातूनच कापणार.

जुनी वीट:
अवश्य कापा. फक्त पोलंडमधील ज्यूंचा हजार वर्षांचा इतिहास मांडणारे पोलिन संग्रहालय वॉर्सातच आहे, आणि ऑश्विट्झला जाण्यापूर्वी ते पाहिलेले बरे.