चाकाच्या कडा कोरड्याच राहतात, पाणी सगळीकडे पोचवायचं कसं?

टर्नर_कोपरगाव:
नमस्कार मंडळी. निवृत्त टर्नर आहे, हात स्वस्थ बसत नाहीत. गोदावरीच्या वाळूत अकीक आणि गारगोट्या शोधायचा नाद लहानपणापासूनचा. गेल्या वर्षी घासायचं यंत्र घरीच उभं केलं. अर्ध्या एचपीची मोटर, १४४० आरपीएम, एकाच शाफ्टवर सहा इंची चार चाकं: ८०, २२०, ६०० आणि १२०० ग्रिटची (आकडा जितका मोठा तितके कण बारीक). पहिली दोन धातूत डायमंड बसवलेली कडक, पुढची दोन रेझिनची मऊ. रुंदी प्रत्येकी दीड इंच.

दुखणं पाण्याचं आहे. वरून नळी सोडली आहे, थेंब बरोबर मधोमध पडतो. मधला अर्धा इंचाचा पट्टा ओला, दोन्ही कडा ठणठणीत कोरड्या. आणि घुमटाकार खड्याची बाजू गोल करताना हात कडेलाच जातो. तिथे खड्यावर पिठासारखी पांढरी रेघ उठते. रविवारी तर खडा धरायच्या काडीला ज्या लाखेने चिकटवतो ती लाख तापून मऊ पडली आणि खडा काडीवरून सुटून पत्र्यावर आपटला तो गेलाच. तीन दिवस घासत होतो हो त्याला!

तोटी मोठी केली तर कडा कोरड्या त्या कोरड्याच, पाणी मात्र सगळं माझ्या पोटावर. घरची मंडळी विचारतात, खडे घासताय की आंघोळ करताय? पीव्हीसीच्या नळीला ओळीने पाच भोकं पाडून पाहिली. आमचं बोअरचं पाणी इतकं जड की पंधरा दिवसांत तीन भोकं क्षाराने बुजली.

आपल्याच जिल्ह्यात नेवाशाला १९५४ ते ५६ च्या उत्खननात पुरातत्त्वज्ञ सांकलियांना ताम्रपाषाण काळातली कॅल्सेडनीची, म्हणजे अकीकाच्याच जातीच्या दगडाची, पाती सापडली होती. ते लोक दगड टिचवून पाती काढायचे, पाण्याची कटकटच नाही. मला मात्र चकाकी हवी आहे.

आकडेमोड:
काका, गणित बघा. सहा इंची चाकाचा घेर साधारण ४८ सेंटीमीटर. १४४० फेऱ्या म्हणजे मिनिटाला ६९० मीटर, सेकंदाला साडेअकरा मीटर. एवढ्या वेगात पडलेल्या थेंबाला आडवं पसरायला सवडच मिळत नाही, जिथे पडतो तिथूनच भिरकावला जातो. म्हणून तोटी वाढवून उपयोग नाही. चाकाला टेकणारं काहीतरी मऊ हवं, जे पाणी आडवं पसरवेल. स्पंजचा तुकडा लावून बघा.

टर्नर_कोपरगाव:
स्पंज झाला. ८० च्या चाकाने दहा मिनिटांत किसून टाकला.

खडेघाशी:
स्पंज सोडा. हार्डवेअरच्या दुकानातून दीड इंची रंगाचे ब्रश आणा, साधे केसांचे, स्वस्तातले. चाकाची रुंदी आणि ब्रशची रुंदी एकच आहे, हे लक्षात घ्या. ब्रशचा दांडा कापून वरच्या झाकणाला आतून पट्टीने आवळायचा. चाक वरून तुमच्याकडे फिरत असेल, तर केस फिरण्याच्या दिशेने कललेले ठेवा, नुसती टोकं टेकली पाहिजेत. दाबून बसवला तर केस झडतात आणि पाणी पुढे जाण्याऐवजी मागेच पुसलं जातं. थेंब चाकावर पाडायचाच नाही, ब्रशच्या पत्र्याखाली केसांच्या मुळाशी पाडायचा. तिथून केसाकेसाने उतरत तो कडेपर्यंत जातो.

पाण्यासाठी औषधाच्या दुकानात मिळणारा सलाईनचा सेट घ्या. चाकडीने प्रवाह कमी-जास्त होतो आणि थेंब डोळ्यांना दिसतात, मोजता येतात. मी सेकंदाला दोन-तीन ठेवतो. भांडं मात्र उभट बाटलीऐवजी पसरट घमेलं घ्या. बाटलीतली पातळी भराभर उतरते आणि थेंब मंदावतात. आपण घासण्याच्या नादात असतो, कळत नाही. घमेल्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब टाका, पाण्याचे गोळे न होता ते पसरतं.

आणखी एक: प्रत्येक चाकाचा ब्रश वेगळा, त्यावर ८०, ६०० असं लिहूनच ठेवा. केसांत कण अडकतात. ८० चा ब्रश चुकून १२०० ला लागला तर चकाकीवर ओरखडे आलेच म्हणून समजा. त्याच कारणाने खालच्या तसराळ्यातलं पाणी पुन्हा वर चढवू नका, निदान ६०० च्या पुढे तरी ताजंच.

धूळभीत:
पांढरी रेघ म्हणजे नुसता खडा खराब नाही हं काका. अकीक म्हणजे सिलिका. कोरडी घासली की तीच हवेत उडते आणि फुप्फुसात जाते. गुजरातमधल्या खंबातच्या अकीक कारागिरांमध्ये सिलिकोसिस हा फुप्फुसाचा रोग आहे आणि तो बरा होत नाही. पाणी चालू असलं तरी एन-९५ लावा. शिवाय ओल्या हाताने मोटरचं बटण दाबताय, लाइनला ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी, म्हणजे गळती झाली की वीज तोडणारा स्विच, आहे ना?

टर्नर_कोपरगाव:
आरसीसीबी नव्हता. परवा वायरमनकडून बसवून घेतला, आधी ते काम केलं.

ब्रश बसवून आठ दिवस झाले. पहिल्या दिवशी जमलंच नाही, कारण शहाणपणा करून ब्रश पाव इंच दाबून बसवला होता. मग ब्रश आणि चाकाच्या फटीत पोस्टकार्ड घालून टोकं नुसती टेकतील इतपत उचलला. मोटर बंद करून ६०० च्या चाकावर बोट फिरवलं, तर या कडेपासून त्या कडेपर्यंत सारखा ओलावा. ओल्या मातीला हात लावल्यासारखा, निथळता नाही. काल एक करड्या पट्ट्यांचा खडा पूर्ण केला, लाख शेवटपर्यंत गार. शर्टही कोरडा, त्यामुळे घरातून शेरा नाही.

८० च्या चाकावर मात्र केस झिजतातच. आठवड्यात अर्धा सेंटीमीटर गेले.

खडेघाशी:
जाणारच. पट्टीला लांबट खाच पाडा, ब्रश झिजेल तसा खाली सरकवता येतो. टर्नरला हे मी काय सांगावं!