न्यायमूर्ती कार्डोझो की न्यायाधीश कार्डोझो?

अर्धविराम
एका मासिकासाठी अमेरिकन न्यायाधीशांवर लेखमाला लिहितेय, आणि बेंजामिन कार्डोझोंपाशी गाडी अडलीय. १९१३ मध्ये मतदारांनी त्यांना न्यूयॉर्कच्या सुप्रीम कोर्टावर निवडून दिलं. १९१४ मध्ये ते तिथल्याच कोर्ट ऑफ अपील्समध्ये गेले. १९३२ मध्ये राष्ट्राध्यक्ष हूव्हरनी त्यांना वॉशिंग्टनच्या सुप्रीम कोर्टावर नेमलं. दोन्हीकडे 'सर्वोच्च न्यायालय' लिहिलं, तर वाचक म्हणणार की हा माणूस सर्वोच्चवरून अपिलात घसरला आणि अठरा वर्षांनी परत चढला. प्रत्यक्षात न्यूयॉर्कात सुप्रीम कोर्ट म्हणजे मूळ खटले चालवणारं कोर्ट. राज्यातला शेवटचा शब्द कोर्ट ऑफ अपील्सचा. त्यात भर म्हणजे खालचे 'जस्टिस' आणि वरचे 'जज'! मी जस्टिसला न्यायमूर्ती आणि जजला न्यायाधीश लावलं होतं. संपादकांनी सरसकट न्यायमूर्ती केलं. म्हणे, एवढ्या मोठ्या माणसाला नुसतं न्यायाधीश कसं म्हणायचं?

जुनाट
न्यायाधीश म्हणण्यात कमीपणा कसला? राघोबाला देहान्त प्रायश्चित्त सांगणारे रामशास्त्री न्यायाधीशच होते. आणि देशातल्या सगळ्यात वरच्या खुर्चीला आपण सरन्यायाधीश म्हणतो. सरन्यायमूर्ती कुणी ऐकलंय?

पानसुपारी
पण हायकोर्टाचे ते मुख्य न्यायमूर्ती, हे विसरलात. वकिलीतला आमचा साधा रिवाज: हायकोर्ट आणि त्यावर न्यायमूर्ती, जिल्ह्याला आणि खाली न्यायाधीश. रानडे १८९३ मध्ये मुंबई हायकोर्टावर गेले आणि न्यायमूर्ती हा शब्द त्यांच्या नावाचाच भाग झाला. त्याआधी खालच्या कोर्टांत त्यांनी वर्षानुवर्षं निवाडे दिले, ते कुणाच्या ध्यानातही नाही.

जुनाट
मला तो 'मूर्ती'च खटकतो. मूर्तीनं बोलायचं नसतं, फक्त नैवेद्य घ्यायचा असतो.

पानसुपारी
अहो, त्यागमूर्ती, करुणामूर्ती म्हणतो तशातली मूर्ती आहे ही. न्याय मूर्त झाला तो न्यायमूर्ती. देव्हाऱ्यात कुठे निघालात?

ट्यूबलाइट
मी न्यू जर्सीत राहतो, कामाला मॅनहॅटनात. न्यूयॉर्क राज्यात घटस्फोट देण्याचा अधिकार याच सुप्रीम कोर्टाला आहे. आमच्या ओळखीच्या एका जोडप्याचा तिथे झाला, तेव्हा सांगलीला सासूबाईंनी हाय खाल्ली, "एवढं विकोपाला गेलं की सुप्रीम कोर्टापर्यंत गेलात?" नावाचा घोळ जुना आहे. वसाहतीच्या काळात, १६९१ मध्ये, ते कोर्ट स्थापन झालं. पुढे १८४६ च्या राज्यघटनेनं त्याच्या डोक्यावर कोर्ट ऑफ अपील्स बसवलं, पण खालच्याचं नाव काही बदललं नाही. माझं मत: न्यूयॉर्कचं ते देवनागरीत 'सुप्रीम कोर्ट'च ठेवा आणि वॉशिंग्टनचं 'सर्वोच्च न्यायालय' करा. वाचकाला आपोआप फरक कळेल.

शुद्धमती
म्हणजे मराठी शब्द मोठ्या कोर्टाला आणि इंग्रजी धाकट्याला? ही कुठली पद्धत? 'राज्य विचारण न्यायालय' म्हणा.

ट्यूबलाइट
'विचारण' वाचून लोक चौकशीची खिडकी शोधतील.

मडगावकार
सगळ्यांनी कोर्टं धरली, आडनाव कुणी पाहिलंच नाही. आमच्या गोव्यात कार्दोझ आहेत, वसईकडेही असतील. हे पोर्तुगीज आडनाव. 'कार्दो' म्हणजे काटेरी झाड. मग कार्डोझो कशाला, कार्दोझो लिहा.

अर्धविराम
त्यांचे पूर्वज स्पेन-पोर्तुगालकडचे ज्यू, हे बरोबर. पण माणूस न्यूयॉर्कात जन्मला, तिथे वाढला. तिथले लोक 'ड' म्हणतात, मग मीही 'ड'च लिहिणार.

मडगावकार
तिथले लोक गोव्यालाही 'गोआ' म्हणतात.

पानसुपारी
आडनाव जरा बाजूला ठेवू या का? बाई, तुमच्या संपादकांना एवढंच विचारा की कार्डोझोंचं नाव कुठल्या निकालांमुळे आहे? १९१६ चा ब्यूक मोटारीचा खटला घ्या. गाडीच्या चाकाचे लाकडी आरे मोडले, मालक जखमी झाला. गाडी घेतली होती विक्रेत्याकडून, त्यामुळे कंपनी म्हणाली, "आमचा तुमच्याशी करारच नाही." कार्डोझोंनी ते ऐकलं नाही. नीट न बनवलेली वस्तू जिवावर बेतू शकते हे बनवणाऱ्याला कळत असेल, तर निष्काळजीपणाची जबाबदारीही त्याचीच, करार असो वा नसो. लॉ कॉलेजात आम्ही हा घोकला होता. मग १९२८ चा पाल्सग्राफ: रेल्वे फलाटावर फटाक्यांचं पुडकं फुटतं, लांब उभ्या बाईवर वजनकाटा कोसळतो, आणि चार विरुद्ध तीन मतांनी बाई हरते. हे दोन्ही निकाल ऑल्बनीतल्या कोर्ट ऑफ अपील्सचे, म्हणजे ते 'जज' असतानाचे. वॉशिंग्टनला जेमतेम सहा वर्षं मिळाली, १९३८ मध्ये वारले. संपादकांच्या मापानं न्यायाधीश धाकटा असेल, तर त्यांनी मोठी कामं धाकट्या पदावरच केली म्हणायची.

शुद्धमती
'निष्काळजीपणा'ऐवजी कायद्यात 'हयगय' चालतं. अस्सल शब्द आहे.

जुनाट
अस्सल? फारसी-अरबी नसेल कशावरून?

शुद्धमती
पुरावा द्या.

अर्धविराम
तो वाद चालू द्या, मला पुढचा लेख उरकायचाय. लर्नेड हँड यांच्यावर आहे. जन्मभर खालच्या फेडरल कोर्टांत राहिले, सर्वोच्च न्यायालयात कधी गेलेच नाहीत, म्हणून शेवटपर्यंत 'जज'. संपादकांकडून पहिलं पान परत आलंय, त्यात त्यांचे 'विद्वान न्यायमूर्ती हँड' झालेत.

ट्यूबलाइट
'हात' नाही केलं हे नशीब.

पानसुपारी
लर्नेड हे त्यांच्या आईचं माहेरचं आडनाव. तेवढं समासात लिहून पाठवा.