मोमझेन: संसद आणि शिलालेख एकाच वेळी कसे सांभाळले?

प्रश्न: प्राचीन रोमचे जर्मन इतिहासकार थिओडोर मोमझेन १८६३-६६ आणि १८७३-७९ मध्ये प्रशियाच्या विधिमंडळात होते, १८८१-८४ मध्ये राइशस्टागमध्ये, म्हणजे जर्मन संसदेत. याच काळात लॅटिन शिलालेखांच्या महासंग्रहाचे खंड निघत होते. हे जमलं कसं?

उत्तर १: कामाची आखणी हे मुख्य कारण. संग्रह विषयवार न लावता बहुतेक प्रदेशवार लावला, त्यामुळे खंड वाटून देता आले. पाँपेईच्या भिंतींवरच्या मजकुराचा चौथा खंड त्सांगेमाइस्टर या अभ्यासकाकडे गेला. तिसरा, पाचवा, नववा आणि दहावा मोमझेन यांनी स्वतः घेतला. शिवाय १८५८ मध्ये ते बर्लिन अकादमीत आले ते संशोधनाच्याच पदावर.

उत्तर २: पद्धतही बघा. जुन्या वह्यांवरून नकलायचं नाही, दगड शक्यतो स्वतः पाहायचा. ते मुळात कायद्याचे पदवीधर. खोटा लेख रचताना एकदा सापडलेला संग्राहक त्यांच्या लेखी खोटा ठरलेला साक्षीदार. त्याने दिलेल्या लेखाला दुसरा पुरावा नसेल तर तो लेख संशयितच. सोळाव्या शतकातला इटालियन संग्राहक पिर्रो लिगोरिओ याचं हेच झालं. या कसोटीत काही अस्सल लेखही अडकले, पण इतका कडकपणा हवाच होता.

दगड हलवता येत नसेल तर कागदी ठसा. शेवाळ, माती धुवून काढायची, खळ नसलेला जाड कागद भिजवून दगडावर पसरायचा आणि ताठ केसांच्या ब्रशने मधून कडेकडे ठोकत न्यायचा, म्हणजे हवा निघून जाते. बुडबुडा राहिला की तिथलं अक्षर उठत नाही. पूर्ण वाळल्यावरच सोडवायचा. ओला ओढला तर फाटतो, नाहीतर ताणून अक्षरं सपाट होतात. दगडाला लागलेल्या बाजूला अक्षरं उलटी आणि उठावदार दिसतात. दिवा तिरपा धरला की झिजलेली रेघही सावलीने कळते. अक्षरांत रंग शिल्लक असेल तर ठसा घेऊच नये, रंग कागदाबरोबर निघून येतो.

उत्तर ३: राजकारणाची किंमतही त्यांनी मोजली. १८४९ च्या सॅक्सनीतल्या उठावात भाग घेतल्यामुळे १८५१ मध्ये लाइपझिगचं प्राध्यापकपद गेलं. १८५२ मध्ये झुरिकला गेले आणि १८५४ मध्ये स्वित्झर्लंडचे लॅटिन शिलालेख छापून मोकळे झाले! पुढे जर्मन चान्सलर बिस्मार्कच्या आर्थिक धोरणावर निवडणूक भाषणात टीका केली म्हणून बदनामीचा खटला झाला. १८८२ मध्ये निर्दोष सुटले. १८८० मध्ये इतिहासकार ट्राइच्के यांच्या ज्यूविरोधी लेखनाला त्यांनी जाहीर उत्तर दिलं, ते मला संसदेतल्या कामापेक्षा मोठं वाटतं.

प्रश्नकर्ता: आभार. संग्रह उघडल्यावर आधी काय बघावं?

उत्तर २: लेखाचा क्रमांक. त्यापुढे तारांकन असेल तर तो लेख बनावट ठरवलेला आहे. असे लेख वेगळे काढून छापलेत, पुरावा म्हणून वापरू नका.