बीएच्या मुलांना विज्ञान शिकवायला कोण हवं: पेपरवाला की वर्गवाला?

विश्रामबागकर (सांगली):
आमच्या भागातल्या एका कला महाविद्यालयात पदार्थविज्ञानाचा सहायक प्राध्यापक घ्यायचाय. नव्या शैक्षणिक धोरणात ओपन इलेक्टिव्ह, म्हणजे आवडीने निवडायचा विषय, दुसऱ्या शाखेचा घ्यावा लागतो, म्हणून ही जागा निघाली. बैठकीत चर्चा संशोधनाचे पेपर किती आणि पीएचडी कुठली यावरच अडकली. माझं म्हणणं, उमेदवाराला इतिहास-मराठीच्या मुलांपुढे पाऊण तास उभं करा आणि त्यावरच निवड करा.

अमेरिकेतली छोटी लिबरल आर्ट्स कॉलेजं हेच करतात. तिथे मुख्यतः पदवीचेच विद्यार्थी, त्यामुळे उमेदवाराला प्रत्यक्ष वर्गावर शिकवायला लावतात आणि मुलांचं मत निवड समितीपर्यंत पोचतं. म्हणून तिथलं विज्ञान कच्चं राहिलंय असंही नाही. १९८९ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलचे मानकरी टॉमस चेक अशाच ग्रिनेल कॉलेजात शिकले, २०२० च्या जेनिफर डाउडना पोमोना कॉलेजात.

मी तर उमेदवाराला एकच विषय देईन. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट असताना पाणी ५७ च्या वर गेलं, ते समजावून सांगा. पुरात घर सोडावं लागलेली मुलं वर्गात बसलेली असतील. ‘पन्नास हजार क्युसेक विसर्ग’ ही बातमी त्यांनी शंभरदा ऐकलीय. तो आकडा म्हणजे सेकंदाला सुमारे १४ लाख लिटर पाणी, हे फळ्यावर मांडून दाखवणारा माणूस मला हवाय.

कोयनाकाठ (कराड):
सर, उदाहरणं तुम्ही अर्धीच घेतलीत. त्या कॉलेजांतले प्राध्यापक स्वतः संशोधन करतात. पीएचडीचे विद्यार्थी नसतात म्हणून पदवीची मुलं उन्हाळ्यात त्यांच्या प्रयोगशाळेत राबतात, आणि नोकरी कायम होताना ते काम तपासलं जातं. छान बोलतो पण दहा वर्षांत स्वतःचं काही शोधलं नाही, असा माणूस तिथे टिकणं अवघड.

आपल्याकडचंच बघा. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयना भूकंपाचा धरणाच्या पाण्याशी काय संबंध, यावर अजून काम चालू आहे. त्यासाठी जमिनीत तीन किलोमीटर खोल छिद्र घेतलं गेलं. हे ज्याला माहीत नाही तो जुनं पुस्तक वाचून दाखवणार. मुलांना हसवेल, पण ‘सर, हे कशावरून?’ असं कोणी विचारलं की गप्प बसेल.

तासिकावाली (सातारा):
तुम्ही दोघंही मूळ दुखण्याला हात लावत नाही. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमावलीत कॉलेजसाठी पीएचडीला २५ गुण, शिकवण्याच्या अनुभवाला जास्तीत जास्त १०, पेपरांना ६. तेही मुलाखतीची यादी लावण्यापुरते. निवड होते ती मुलाखतीवर. म्हणजे चांगला शिक्षक पेपरांमुळे अडतो हे खरं नाही, तो अडतो आधीच ठरलेल्या नावामुळे.

मी तासिका तत्त्वावर शिकवते. सुट्टी लागली की पैसे बंद, जूनमध्ये पुन्हा अर्ज. माझ्यासारखीच्या हातात कागदावरचे गुणच असतात, ते माहिती अधिकारात मागता तरी येतात. ‘वर्गात रंगल्या नाहीत’ असा शेरा मारला तर मी दाद कुठे मागायची?

बीए_दुसरं_वर्ष:
मॅडम, तुमची भीती पटते, पण आमचंही ऐका. आमच्या ओपन इलेक्टिव्हला सर सेमीकंडक्टरच्या स्लाइड वाचायचे, इंग्रजीतच. हजेरी झाली की मागचे तीन बाक रिकामे. मी पुढे बसायचे, वही भरून उतरवून घेतलं आणि परीक्षेनंतर त्यातलं एक वाक्यही मला सांगता येईना. मोबाईलचा टॉवर कसा चालतो एवढं जरी कोणी सांगितलं असतं तरी मी दुसरा पेपरही त्याच विषयाचा घेतला असता. निवडीच्या वेळी आम्हाला कोणी विचारत नाही, हे मात्र विश्रामबागकर सरांनी बरोबर मांडलंय.

विश्रामबागकर:
तासिकावाली मॅडम, पाठाचं चित्रीकरण करा. गुण कशाला किती ते जाहिरातीतच छापा. मुलं दुसऱ्या कॉलेजची बोलवा, म्हणजे ओळखीचा प्रश्न उरत नाही. गुणपत्रकं त्याच दिवशी सगळ्यांसमोर उघडा.

कोयनाकाठ, संशोधन नको असं मी कुठे म्हटलं? कृष्णेच्या पाण्याचे नमुने बीएच्या मुलांना घेऊन तपासणारा प्राध्यापक मिळाला तर मी त्याच्यासाठी संस्थेशी भांडेन.

कोयनाकाठ:
नमुने तपासायला उपकरणं लागतात, रसायनं लागतात. तिकडे नव्या प्राध्यापकाला रुजू होतानाच प्रयोगशाळा उभारायला पैसे देतात. तुमची संस्था किती देणार?

तासिकावाली:
आणि चित्रीकरण, छापील निकष, हे सगळं मान्य, पण आधी सांगा, पद कायमचं आहे की कराराचं?

विश्रामबागकर:
सध्या वर्षाचा करार. शासनमान्य पद नाही, पगार संस्थेच्या खिशातून. प्रयोगशाळेसाठी अजून काही ठरलेलं नाही. पुढच्या बैठकीत हे दोन्ही विषय मी मांडणार आहे.

तासिकावाली:
मग सर, पाठ घेण्याआधी तो करार निदान तीन वर्षांचा करून आणा. एका वर्षाच्या करारावर येणारी बाई पहिल्या दिवसापासून दुसरीकडे अर्ज भरत असते. मीही भरते. तिने कृष्णेचे नमुने कधी घ्यायचे आणि मुलांची नावं कधी पाठ करायची?