अनुभव धागा : आरोग्याचं पत्र तुमच्यापर्यंत पोचलं का?

जून-जुलैत कॉलेज उघडलं की प्राचार्यांच्या सहीची पत्रं निघू लागतात. अँटी-रॅगिंगचं, अंतर्गत तक्रार समितीचं, आरोग्य तपासणीचं, दिव्यांग विद्यार्थ्यांच्या सवलतींचं. वरून विद्यापीठाचं परिपत्रक येतं, त्यावर कॉलेजचं लेटरहेड चढतं आणि कागद बोर्डावर लागतो. विद्यापीठ अमरावतीचं असो, नागपूरचं असो की 2011 साली गडचिरोलीत सुरू झालेलं गोंडवाना, शेवटची ओळ ठरलेली : 'सर्व संबंधितांनी नोंद घ्यावी.'

तालुक्याच्या कॉलेजात शिकवताना ही पत्रं मी वर्गात वाचून दाखवत आले आहे. ऐकणाऱ्यांत कपाशी वेचून आलेली मुलगी असते, रविवारी फवारणीला जाणारा मुलगा असतो, घरी कोरकू किंवा गोंडी बोलणारी मुलं असतात. प्रमुखाच्या सहीचं पत्र या मुलांना फार मोठा आधार देऊ शकतं, असं मला मनापासून वाटतं. मात्र त्यात नेमकं काय मिळणार आणि कोणाकडे जायचं हे लिहिलेलं हवं. म्हणून हा धागा. पत्र आलं, त्यात तुमच्यासाठी काय होतं आणि नंतर काय घडलं, तेवढं लिहा. तालुका सांगा, कॉलेजचं नाव नको.

कुरखेडा तालुका, बी.ए. दुसरं वर्ष

मला सिकलसेल आहे, रक्ताचा आनुवंशिक आजार. वाहक नाही, रुग्ण. दुखणं उठलं की हातपाय, कंबर, छाती, कुठेही उठतं आणि अंथरूण सुटत नाही. थंडी, ताप, पाणी कमी पडणं, अंगमेहनत, यातलं एकही पुरेसं असतं. पहिल्या वर्षी कमी हजेरीच्या यादीत माझं नाव लागलं होतं. वर्गातल्यांना वाटायचं, ही नखरे करते.

या वर्षी नवीन प्राचार्य मॅडम आल्या. त्यांनी सगळ्यांना सभागृहात बसवून स्वतः सांगितलं, की 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात जे 21 प्रकार आहेत त्यात सिकलसेल आहे. 40 टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र असेल तर सरकारी आणि अनुदानित कॉलेजांत प्रवेशाला निदान 5 टक्के जागा राखीव असतात. हे मी पहिल्यांदा ऐकलं. पण रोजच्याला उपयोगी पडलं ते त्यांनी वाटलेलं एक पान. परीक्षेत पाण्याची बाटली बाकावर चालेल. लघवीला जाऊ देतील. रासेयोच्या (राष्ट्रीय सेवा योजनेच्या) श्रमदानात खोदकाम देणार नाहीत. दवाखान्याचा कागद आणला तर हजेरीचा विचार होईल. एसटीत सिकलसेल रुग्णाला सवलत असते हेही त्यातच होतं. खाली एका सरांचं नाव आणि ते कोणत्या खोलीत, किती वाजता भेटतील ते.

त्या दिवसानंतर मला कोणाला काही समजावून सांगावं लागलं नाही. दुखणं उठलं तर मैत्रिणी आधी पाण्याची बाटली शोधतात.

गोंदिया जिल्हा, ग्रामीण रुग्णालयातला प्रयोगशाळा तंत्रज्ञ

वरच्या ताईंचं वाचून लिहितो. 1 जुलै 2023 ला सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू झालं, 2047 पर्यंतचं उद्दिष्ट आहे. 40 वर्षांपर्यंतच्या लोकांची तपासणी करायची असल्यामुळे कॉलेजची मुलं त्यात येतातच. आम्ही कॉलेजांत शिबिरं घेतो. बोटातून थेंबभर रक्त, आधी सोल्युबिलिटी चाचणी. त्यात आढळलं तर नमुना पुढे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या पक्कं निदान करणाऱ्या चाचणीला जातो. वाहक की रुग्ण हे तिथे ठरतं. पहिल्या चाचणीवरून कोणाला 'तुला सिकलसेल आहे' म्हणू नये.

एका कॉलेजात शिबिरानंतर नावांची यादी बोर्डावर लागली. हेतू चांगला असेल, मुलांनी येऊन रिपोर्ट न्यावेत हा. पण त्यातल्या एका मुलीचं जमत आलेलं लग्न अडलं. ती वाहक होती, म्हणजे तिला स्वतःला आजार नव्हता! नवरा-बायको दोघंही वाहक असले तर प्रत्येक बाळंतपणात मूल रुग्ण असण्याची शक्यता 25 टक्के असते, म्हणून लग्नाआधी दोघांनी तपासून घ्यावं, एवढाच त्याचा अर्थ. हे कोणी नीट सांगितलं नाही आणि नाव मात्र गावभर झालं.

पुढच्या वर्षी तिथल्या प्राचार्यांचं पत्र शिबिराच्या आधीच निघालं. रिपोर्ट बंद पाकिटात ज्याचा त्याला, कॉलेजकडे फक्त एकूण आकडा, वाहक असल्यास समुपदेशन इथेच. त्या वर्षी मुली जास्त आल्या. मी रांग पाहिली आहे.

यवतमाळ जिल्हा, राष्ट्रीय सेवा योजनेचा कार्यक्रम अधिकारी

आरोग्याचं पत्र म्हटलं की डोळ्यांसमोर येतो तंबाखू आणि योगदिन. आमच्याकडे फवारणीचं पत्र निघतं आणि त्याचा मला अभिमान आहे.

2017 साली आमच्या जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले. शेकडो दवाखान्यात होते, कित्येकांच्या डोळ्यांना त्रास झाला. पऱ्हाटी त्या वर्षी डोक्याच्या वर वाढली होती, पंप वर धरून मारला की औषध तोंडावरच येत होतं. आमची पोरं रोजानं फवारायला जातात. परीक्षा फी, पास, मेसचे पैसे त्यातून निघतात. वर्गात सोमवारी कोणी डोकं धरून बसलेला असला तर मी आधी विचारतो, काल पंप पाठीवर होता का.

आमचे प्राचार्य स्वतः शेतकरी घरातले. ऑगस्टच्या शेवटी त्यांचं पत्र येतं. वाऱ्याच्या विरुद्ध मारू नका. भर उन्हात नको. दोन औषधं मनानं मिसळू नका. उपाशीपोटी जाऊ नका, मध्येच खर्रा, बिडी नको. अंगभर कपडे, आल्याबरोबर साबणानं आंघोळ, ते कपडे वेगळे धुवा. मळमळ, घाम, तोंडाला लाळ, अंधुक दिसणं, यातलं काही झालं की 108 लावा आणि औषधाचा डबा सोबत घ्या, डॉक्टरला काय दिलं होतं ते कळलं पाहिजे. पत्रात पुढे असंही असतं की ज्याला पैशांसाठी फवारणीला जावं लागतं त्यानं विद्यार्थी सहाय्य निधीसाठी अर्ज करावा, कारण विचारलं जाणार नाही.

पत्र वाचून दाखवल्यावर एका मुलानं मला थांबवलं. "सर, हे घरी बी सांगाले पाहिजे. माहा बाप तं उघड्या अंगानंच मारते." तेव्हापासून रासेयोचे विद्यार्थी दत्तक गावातल्या पारावर ते वाचतात.

वरोरा तालुका, एम.ए. पहिलं वर्ष

मला फार कमी दिसतं. दिव्यांग विद्यार्थ्यांसाठीच्या सवलतींचं पत्र आमच्या कॉलेजात बोर्डावर, काचेच्या आत, बारीक अक्षरांत लागलं होतं. मित्रानं वाचून दाखवलं म्हणून कळलं. व्हॉट्सअॅपवर आलं तर तो कागदाचा फोटो. मोबाईलमधलं टॉकबॅक, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारी सोय, फोटोतली अक्षरं धड वाचत नाही, 'इमेज' म्हणून पुढे जातं.

आमच्याच तालुक्यात आनंदवन आहे. अंध, मूकबधिर मुलांना शिकवण्याची तिथली परंपरा जुनी, त्यामुळे इथल्या लोकांना दिव्यांग माणूस नवा नाही. तरी कागद कसा पाठवायचा हे कोणाच्या मनात आलं नव्हतं. मी उपप्राचार्यांना भेटून एवढंच मागितलं : टाईप केलेला मजकूर पाठवा आणि एक आवाजी संदेश द्या. त्याच आठवड्यापासून प्राचार्यांच्या आवाजात संदेश येऊ लागला. आधी मला वाटलं हे माझ्यासाठी आहे. मग कळलं, ज्यांच्या घरी वाचणारं कोणी नाही त्या मुली तो आईला ऐकवतात.

लेखनिकाबद्दल, म्हणजे परीक्षेत आपण सांगू ते लिहून देणाऱ्याबद्दल, एक माहिती इथे टाकतो, बऱ्याच कॉलेजांत ती सांगितली जात नाही. लेखनिक घेतला काय किंवा न घेतला काय, पात्र विद्यार्थ्याला तासाला निदान 20 मिनिटं जास्तीची मिळतात. तीन तासांच्या पेपरला पूर्ण एक तास. अर्ज परीक्षेच्या अगोदर करून ठेवा, आदल्या दिवशी धावपळ होते.

धारणी तालुका, वसतिगृहात राहणारी

आम्ही घरी कोरकू बोलतो. माझं मराठी आता चांगलं आहे, पहिल्या वर्षी नव्हतं. वसतिगृहात पाळीबद्दलचं पत्र लागलं होतं. पॅड मिळतील, कार्यालयात मागावेत, असं. कार्यालयात बाबू बसायचे. एकही मुलगी गेली नाही.

आमच्या वॉर्डन मॅडमनी हे प्राचार्यांना सांगितलं. पुढच्या पत्रात लिहिलं होतं की पॅड संडास-बाथरूमच्या शेजारच्या कपाटात ठेवले आहेत, कुलूप नाही, नोंद नाही. वापरलेले टाकायला झाकणाची बादली आणि पाणी दोन्ही वेळ येईल. पाण्याचं लिहिलं याचं मला फार बरं वाटलं, कारण आम्हांला खरी अडचण पाण्याची होती. पुढे मॅडमनी आम्हां दोघींकडून ते सगळं कोरकूत रेकॉर्ड करून घेतलं. तक्रार समितीचंही. कोण त्रास देत असेल तर कोणाला सांगायचं, सांगितलं तर नाव बाहेर जात नाही, हे आपल्या बोलीत ऐकलं की मुलींना ते खरं वाटतं.

वर्धा जिल्हा, वाणिज्य विभाग

सर्वोच्च न्यायालयानं 25 जुलै 2025 ला विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबाबत निर्देश दिले. 100 किंवा जास्त विद्यार्थी असतील तर प्रशिक्षित समुपदेशक नेमावा, मदतीचे क्रमांक वसतिगृहात, वर्गात मोठ्या अक्षरांत लावावेत. त्यानंतर आमच्या प्राचार्यांनी जे पत्र काढलं ते मला आजवरच्या पत्रांत सर्वांत प्रामाणिक वाटलं. त्यात सरळ लिहिलं होतं : समुपदेशकाचं पद अजून भरलेलं नाही, मागणी केली आहे. तोपर्यंत टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक दिवसरात्र मोफत आहे, मराठीत बोलता येतं. महिन्याच्या शेवटी पुन्हा कळवू. आणि खरोखर कळवलं. पद तेव्हाही रिकामंच होतं, तसंच लिहिलं.

आमच्या वर्गांत अशी मुलं आहेत ज्यांच्या घरात बापानं कर्जापायी जीव दिला. ती बोलत नाहीत. त्यांच्यासमोर खोटा दिलासा देऊ नये. त्या पत्रानंतर एक मुलगा माझ्या खोलीत आला, बराच वेळ बसला. "सर, तो नंबर खरंच उचलते का?" म्हणाला. आम्ही तिथूनच लावला. उचलला.

अकोट तालुका, कंत्राटी सफाई कामगार (मुलगी लिहून देत आहे)

कालेजात तपासणी होती. पत्रात लिवलं होतं, विद्यार्थी आणि कर्मचारी. मी बाबूले विचारलं, मी कर्मचारी आहो का? तो म्हणे, तू ठेकेदाराची. मंग मी प्राचार्य सायबाले विचारलं. ते म्हणाले, मावशी, पहिले तुमी बसा. माहं रक्त लय कमी निघालं. गोळ्या भेटल्या. आता पत्रात 'कंत्राटी कामगारांसह' असं लिवतात. माह्या पोरीनं वाचून दाखवलं.

अचलपूर तालुका, निवृत्त प्राध्यापक

फेब्रुवारी 2021 आठवा. 15 तारखेला राज्यातली कॉलेजं पुन्हा उघडली आणि आठवडाभरात, 22 तारखेपासून, अमरावती-अचलपुरात पुन्हा टाळेबंदी. तेव्हा पत्रं रोज बदलत होती. आमच्या प्राचार्यांनी एकच नेम ठेवला : संध्याकाळी ठरलेल्या वेळी एक संदेश, काल काय बदललं ते पहिल्या ओळीत. बदल नसेल तर 'बदल नाही' असा संदेश. मेळघाटातली मुलं त्या वेळेला टेकडीवर रेंजमध्ये येऊन थांबायची, म्हणून तो वेळेवर जाणं गरजेचं होतं.

लोणार तालुका, कॉलेजातला वरिष्ठ लिपिक

ही पत्रं टाईप मी करतो, म्हणून माझी बाजू. विद्यापीठाचं परिपत्रक आलं की पूर्वी तसंच्या तसं लावायचो. आता आमच्या सरांनी एक पद्धत घातली आहे. मूळ परिपत्रक फाईलला, आणि मुलांसाठी वेगळं अर्धं पान. ते मी आधी शिपायाला आणि बाहेरगावच्या एखाद्या मुलीला वाचायला देतो. त्यांना जिथे अडलं ते बदलतो. 'लाभार्थ्यांनी आवश्यक दस्तऐवजांसह' असं होतं, तिथे आता 'आधार, कॉलेजचं ओळखपत्र आणि दवाखान्याचा कागद घेऊन या' असतं. शिबिर बुधवारी ठेवत नाही, बाजार असतो. दुपारच्या गाडीनं जाणाऱ्या मुली राहून जातात म्हणून तपासणीत पहिला नंबर गावाहून येणाऱ्यांचा.

या महिन्याचं पान तयार आहे. डोळ्यांची तपासणी, युडीआयडी कार्डाचे (दिव्यांगांच्या ओळखपत्राचे) अर्ज आणि मुलींच्या संडासाच्या दुरुस्तीचं काम कुठवर आलं ते. दुरुस्ती अर्धी झाली आहे, तसंच लिहिलं आहे. कोणाला नमुना हवा असेल तर इथे सांगा, टाईप केलेला मजकूरच टाकतो, फोटो टाकत नाही.