अल्प्राझोलाम चालू असताना इट्राकोनॅझोल? मदत हवी आहे

आई (वय ६८) बरीच वर्षं रात्री झोपेसाठी अल्प्राझोलाम ०.५ मिग्रॅ घेते. कमरेला आणि मांड्यांना गजकर्ण पसरलंय, म्हणून त्वचेच्या डॉक्टरांनी इट्राकोनॅझोल लिहून दिलंय. तिथे झोपेच्या गोळीचा विषय निघालाच नाही. माहितीपत्रकात मात्र स्पष्ट छापलंय, दोन्ही एकत्र घेऊ नयेत. यकृतातलं जे एन्झाइम अल्प्राझोलाम मोडतं, तेच इट्राकोनॅझोल अडवतं, मग गुंगी वाढते. आईला स्लीप ॲप्निया आहे, घोरताना मध्येच श्वास थांबतो. रात्री बाथरूमलाही उठते. त्यामुळे फार काळजी वाटते.

इट्राकोनॅझोल अजून सुरू केलेलं नाही, फक्त मलम लावतोय. केमिस्ट म्हणाले, एक सकाळी, एक रात्री घ्या. पण हा परिणाम काही तासांत ओसरणारा नाही, त्यामुळे पटलं नाही. अल्प्राझोलाम एकदम बंद केलं तर झटके येऊ शकतात, म्हणून तेही नको.

बीपीसाठी टेल्मिसार्टन चालू आहे. लिव्हरचे रिपोर्ट नॉर्मल, हृदयाचा त्रास नाही, दारू नाही. त्वचेचे डॉक्टर सोमवारी भेटतील. त्यांच्याकडे टर्बिनाफिनबद्दल (गजकर्णावरचं दुसरं औषध) विचारावं, की आधी फिजिशियनना झोपेची गोळी बदलता येईल का ते विचारावं? तुमच्या घरी असं झालं तेव्हा डॉक्टरांनी काय केलं?